छित्तराजाचे नाव आणि पेरोझचा चेहरा

उल्हास नदीचे खोरे हा सह्याद्रीच्या घाटमाथ्याला समुद्राशी जोडणारा फार जुना मार्ग आहे. देशावरून उतरणारा माल बोरघाटाच्या पायथ्याने किंवा नाणेघाटातून कल्याणच्या बंदराकडे येई आणि तेथून खाडीने ठाणे, सोपारा, चेऊल या बंदरांकडे आणि पुढे अरबस्तान-इराणकडे जाई. आज बदलापूरच्या पश्चिमेस हेंद्रेपाड्यासारख्या वस्त्या जेथे दाटीने उभ्या आहेत, तो भाग याच खोऱ्यात मोडतो. तेथून रेल्वेने पलीकडे अंबरनाथ आहे आणि अंबरनाथला वालधुनीच्या काठी अकराव्या शतकातले शिवमंदिर आहे. मंदिराच्या उत्तर दाराच्या तुळईवर कोरलेल्या शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० च्या सुमाराच्या लेखात शिलाहार राजा माम्वाणी ऊर्फ मुम्मुणी याचे नाव आहे आणि त्याचा थोरला भाऊ छित्तराजदेव याच्या भवनाचा उल्लेख आहे. हे मंदिर छित्तराजाने आरंभिले आणि मुम्मुणीने पुरे केले, असे अभ्यासक सामान्यतः मानतात. छित्तराजाचे हेच नाव आणखी एका ठिकाणी सापडते, ते म्हणजे बोटाच्या पेराएवढ्या, जाडसर, ओबडधोबड दिसणाऱ्या चांदीच्या नाण्यावर.

एकाच राजाच्या नावाशी निगडित असलेल्या या दोन वस्तू शेजारी ठेवल्या की एक कोडे समोर येते. अंबरनाथच्या भिंतीवर इंचभर दगड रिकामा सोडलेला नाही. भूमिज शैलीचे, म्हणजे लहान लहान शिखरांच्या ओळी एकावर एक चढवत नेणारे ते शिखर, कोनाड्यांतील शिव-पार्वतीच्या मूर्ती, अलंकारांतला प्रत्येक मणी मोजता यावा अशा सुरसुंदरी, हे सारे ज्या कारागिरांच्या हातून उतरले, ते छिन्नी धरणाऱ्यांतले अव्वल कारागीर होते. त्याच काळातले, त्याच राज्यातले नाणे पाहावे तर त्यावर ओळखू येईल असे एकही चित्र नाही. एका बाजूला काही ठिपके आणि रेघा, त्यांत कष्टाने शोधला तर एक चेहरा. दुसऱ्या बाजूला आडव्या रेघांची उतरंड आणि तिच्या दोन्ही अंगांना आणखी ठिपके. ज्या राज्यात दगडाला जिवंत करणारे हात होते, तेथे चांदीला असे रूप का मिळाले?

याचे जुने उत्तर असे की, ही अवनती आहे. एकोणिसाव्या शतकातल्या नाणेसंग्राहकांनी ही नाणी 'भ्रष्ट' म्हणून बाजूला टाकली आणि हा शेरा पुढे पुष्कळ वर्षे पुस्तकांतून तसाच उतरत राहिला. तो शेरा चुकीचा होता. नाणे हे मूर्तीसारखे पाहण्यासाठी घडवत नाहीत, ते न पाहता स्वीकारले जावे यासाठी घडवतात, आणि त्यावरील कलेचे नियम या एका गरजेतून ठरतात.

या नाण्यांना नाणेशास्त्रात 'गधैया' म्हणतात. नावाची उत्पत्ती वादग्रस्त आहे. कोणी ते उज्जैनच्या गर्दभिल्ल राजाच्या जैन कथेशी जोडतात, कोणी 'गद्याणक' या जुन्या वजनाच्या नावाशी. लेखांमध्ये मात्र या नाण्यांना 'द्रम्म' म्हटले आहे. हा शब्द ग्रीक 'द्राख्मे'पासून इराण आणि वायव्य भारत या वाटेने आला आणि मराठीत 'दाम' होऊन राहिला. आजही दामदुपटीची भाषा करणारा माणूस नकळत त्याच नाण्याचे नाव घेत असतो.

गधैया नाण्याचा मूळपुरुष इराणचा सासानी सम्राट पेरोझ होय. त्याने इ.स. ४५९ ते ४८४ या काळात राज्य केले आणि मध्य आशियातल्या हूणांशी लढताना त्याचा शेवट झाला. त्याच्या चांदीच्या द्रम्मांवर एका बाजूस पंखांचा मुकुट घातलेली उजवीकडे पाहणारी राजाची अर्धप्रतिमा आणि दुसऱ्या बाजूस पेटलेली अग्निवेदी व तिच्या दोन बाजूंना उभे दोन सेवक असत. नाणे पातळ, रुंद आणि वजनाने सुमारे चार ग्रॅम असे. खंडणी आणि लूट म्हणून ही नाणी हूणांच्या हाती प्रचंड संख्येने पडली, त्यांच्याबरोबर भारतात उतरली आणि येथे त्यांच्या नकला पाडल्या जाऊ लागल्या. नकलेची नक्कल, तिची पुन्हा नक्कल, असे सहा-सातशे वर्षे राजस्थान, गुजरात, माळवा आणि महाराष्ट्राच्या काही भागांत चालत राहिले. नाण्याचे वजन साधारण तेच राहिले, पण चकती आखूड आणि जाड होत गेली, त्यामुळे मूळ चित्राला जागा उरेना.

यामागची कृती समजून घेतली की रूप असे का पालटले ते कळते. मुशीत चांदी वितळवून, ठराविक वजनाचे तुकडे करून, ते ठोकून चकत्या केल्या जात. खालचा ठसा ऐरणीसारख्या ठोकळ्यात पक्का बसवलेला असे, त्यावर तापवून मऊ केलेली चकती ठेवत, वरून दुसरा ठसा धरत आणि हातोड्याचा घाव घालत. एका घावात दोन्ही बाजू उमटत. ठसा झिजला की नवा कोरावा लागे, आणि तो कोरणाऱ्यासमोर पेरोझचे मूळ नाणे नसे, तर आधीच्या पिढीचे नाणे असे. पंखांचा मुकुट म्हणजे काय हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याला एवढेच ठाऊक होते की, डोक्यावर अमुक वळणाची रेघ आणि तमुक संख्येचे ठिपके असल्याखेरीज सराफ ते नाणे घेणार नाही. त्यामुळे जे ओळखीला आवश्यक होते ते टिकले आणि ठळक झाले, आणि जे केवळ वर्णनाचे होते ते गळून गेले.

उत्तरकाळातले गधैया नाणे भिंगाखाली ठेवून सावकाश फिरवले तर हा प्रवास उलट्या दिशेने वाचता येतो. प्रथम दिसतो तो एक मोठा ठिपका, तो डोळा. त्याच्यापुढे एक उभी जाड रेघ, ते नाक. मागे दोन-तीन ठिपक्यांचा घोस. तो कर्णभूषणाचा आणि कानाचा अवशेष. खाली ठिपक्यांची वाकडी ओळ. ती गळ्यातली मोत्यांची माळ. नाणे उलटावे तर आडव्या रेघांची खाली रुंद आणि मध्ये निमुळती होत पुन्हा वर पसरणारी रचना दिसते, ती अग्निवेदी. सेवक कधीच नाहीसे झाले आहेत, त्यांच्या जागी उभ्या ठिपक्यांच्या दोन रांगा आहेत. वरच्या कोपऱ्यांत मात्र चंद्रकोर आणि सूर्याचे चक्र अजून शाबूत आहे. एकदा हे अवयव ओळखू आले की मग नाणे ओबडधोबड वाटत नाही. रेघांचा तोल, ठिपक्यांमधले अंतर, वेदीच्या पायऱ्यांची लय यांत ठसा कोरणाऱ्याचा सराईत हात दिसतो. वारली चित्रातल्या दोन त्रिकोणांत ज्यांना माणूस दिसतो, त्या उत्तर कोकणच्या माणसांना हे सांगण्याची गरज नसावी.

चंद्र-सूर्याची खूण टिकली, यालाही कारण असावे. इराणात तारा आणि चंद्रकोर ही राजवैभवाची चिन्हे होती. कोकणात पोहोचेपर्यंत त्यांचा तो अर्थ पुसला गेला होता, पण येथे चंद्र आणि सूर्य यांना स्वतःचा पक्का अर्थ होता. दानपत्रात जमीन दिली ती चंद्र-सूर्य असेपर्यंत, असे लिहिले जाई, आणि शिलाहारांच्या काळात उभारलेल्या गद्धेगळ या शापशिळांच्या माथ्यावरही चंद्र, सूर्य आणि कलश कोरलेले असत. नाण्यावरची तीच जोडी पाहून ठाण्याच्या बाजारातल्या माणसाने तिचा अर्थ टिकाऊपणा असा लावला असेल तर नवल नाही. परक्या चिन्हात आपला अर्थ भरून ते आपले करून घेणे, हे या नाण्याच्या इतिहासात पुन्हा पुन्हा घडलेले दिसते.

अग्निवेदीच्या बाबतीत एक योगायोग नोंदवण्याजोगा आहे. शिलाहारांच्या ताम्रपटांत 'हंयमन' किंवा 'हंजमन' असा एक शब्द नगरजनांच्या उल्लेखाबरोबर येतो, आणि तो पारशी समाजाच्या 'अंजुमन'चा निर्देश असावा असे काही अभ्यासकांचे मत आहे. म्हणजे ज्या बंदरांत ठिपक्यांची झालेली अग्निवेदी रोज हातोहात फिरत होती, त्याच बंदरांत खऱ्या अग्नीची उपासना करणारे लोकही राहत होते. नाण्यावरची वेदी त्यांच्यामुळे आलेली नाही, ती त्यांच्या आधी आणि वेगळ्या वाटेने आली. परंतु ती पाहून आपल्या पूर्वजांच्या राजाची खूण ओळखणारा एखादा पारशी व्यापारी ठाण्यात असणे अशक्य नव्हते.

आता मुख्य प्रश्न सत्तेचा. नाणे कोणाचे, हे त्यावरचे चित्र सांगत नसेल तर राजाचा अधिकार त्यात कोठे असतो? पश्चिम भारतात यापूर्वी अगदी वेगळे उदाहरण घडून गेले होते. नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभी येथे १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा एक निधी सापडला. त्यात क्षत्रप राजा नहपानाची सुमारे १३,२५० नाणी होती आणि त्यांतल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. नहपानाचा चेहरा आणि त्यावर सातवाहनांचा तीन कमानींचा डोंगर, असा तो प्रकार आहे. चांदी वितळवून नवी नाणी पाडणे त्याला अवघड नव्हते, तरी हरलेल्या राजाचा चेहरा अर्धवट दिसत ठेवून त्यावर जिंकणाऱ्याची खूण उमटवण्यात जो संदेश होता, तो वितळवण्यात नव्हता. नाण्यातून बोलणारी ही सत्ता उघड आणि आक्रमक होती.

याच्या दुसऱ्या टोकाला कृष्णराजाची रूपके आहेत. सहाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलचुरी वंशातल्या कृष्णराजाने सुमारे दोन ग्रॅम वजनाची छोटी चांदीची नाणी पाडली, ज्यांच्या एका बाजूस राजाचे मुख आणि दुसऱ्या बाजूस बसलेला नंदी असून भोवती राजा परम माहेश्वर, म्हणजे निस्सीम शिवभक्त, असल्याचे सांगणारी अक्षरे आहेत. नाशिक परिसरात आणि मुंबई-साष्टीकडे ती सापडली आहेत. पुढे कलचुरींची सत्ता गेली, बदामीच्या चालुक्यांची आली आणि त्यांचा मांडलिक भोगशक्ती याने इ.स. ७१० च्या सुमारास जे ताम्रपट दिले, ते नाशिकजवळच्या अंजनेरी येथे मिळाले. त्यांत रकमेचा हिशेब 'कृष्णराज रूपकां'त आहे. राजा जाऊन सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लोटला होता, त्याचा वंश सत्तेवर नव्हता, तरी पुरी-कोकणचा अधिपती आपल्या शासनपत्रात त्याच्याच नाण्याचे नाव घेत होता. अंजनेरीच्या पत्र्यावर ही नोंद लिहिणाऱ्या लेखकाला त्यात काही वावगे वाटले नसणार, कारण नाण्याचे नाव हे तेव्हा राजाचे नाव उरले नव्हते, ते विश्वासाचे नाव झाले होते. (भारतीय नाण्यांच्या संशोधनाला वाहिलेली संस्था आणि तिचे संग्रहालय आज त्याच अंजनेरीला आहे, हा सुंदर योग आहे.)

छित्तराजाने जे केले ते या दोन टोकांच्या मधले आहे, आणि ते समजण्यासाठी त्याची राजकीय परिस्थिती पाहावी लागते. उत्तर कोकणचे शिलाहार मूळचे राष्ट्रकूटांचे मांडलिक. दहाव्या शतकाच्या अखेरीस राष्ट्रकूट साम्राज्य कोसळले तेव्हा शिलाहार अपराजिताने आपल्या शके ९१९ (इ.स. ९९७) च्या भिवंडीजवळच्या भादाणे येथील ताम्रपटात त्या पतनाबद्दल खेद व्यक्त केला, पण त्याच वेळी तो स्वतः व्यवहारतः स्वतंत्रही झाला. त्यानंतर थोड्याच वर्षांत, इ.स. १०२० च्या सुमारास, माळव्याच्या परमार भोजाने कोकणावर स्वारी केली आणि कोकणविजयाच्या उत्सवाप्रीत्यर्थ दाने दिल्याचे त्याचे ताम्रपट आहेत. छित्तराज या स्वारीच्या पाठोपाठ गादीवर आला. शके ९४८ (इ.स. १०२६) चा त्याचा ताम्रपट मुंबईत भांडुपला सापडला असून त्यात श्रीस्थानक म्हणजे ठाणे, आणि षट्षष्टी म्हणजे साष्टी यांचे उल्लेख आहेत. महामंडलेश्वर, पश्चिम समुद्राचा अधिपती, तगरपुराचा परमेश्वर अशी शिलाहारांची बिरुदावली भरदार आहे. पण महामंडलेश्वर हे बिरुद मुळात मांडलिकाचे, आणि चहूकडून प्रबळ शेजारी.

अशा राजाने गधैया नाण्यावर आपले नाव घातले. नाणेशास्त्रज्ञांनी काही गधैया नाण्यांवर नागरी लिपीत छित्तराजाचे नाव वाचले आहे. तेवढ्या एका बदलाखेरीज बाकी सारे, म्हणजे चेहऱ्याचे ठिपके, वेदीच्या रेघा, वजन आणि आकार, गुजरात-माळव्यात चालणाऱ्या नाण्यासारखेच ठेवले आहे. त्याने आपली मुद्रा, शिलाहारांचा सुवर्णगरुड, नाण्यावर आणला नाही. त्याच्या ताम्रपटांना गरुडाची मुद्रा लावली जाई, म्हणजे चिन्हही होते आणि कोरणारेही होते. तरीही चांदीवर ते टाळले गेले, आणि हा संयम अडाणीपणाचा नव्हे, जाणतेपणाचा होता. ताम्रपट राज्याच्या आत वाचला जातो, तेथे राजाची मुद्रा हाच पुरावा असतो. चांदीचे नाणे मात्र ठाण्याहून खंबायतला, तेथून धारेला आणि परत जाणार, आणि त्या वाटेवरच्या सराफाला गरुडाशी काही देणेघेणे नव्हते. ओळखीचे रूप मोडले असते तर तेच नाणे परमुलखात केवळ चांदीचा तुकडा ठरून वजनावर, तेही बट्टा कापून, घेतले गेले असते. रूप सर्वांचे आणि नाव आपले, एवढाच दावा छित्तराजाने केला, आणि तो दावा त्याच्या प्रत्यक्ष ताकदीच्या मापाचा होता.

असे करणारा तो एकटा नव्हता. कनोजच्या प्रतीहार भोजाने नवव्या शतकात आपल्या द्रम्मावर वराह अवतार आणला आणि 'श्रीमदादिवराह' हे बिरुद कोरवले, तरी अक्षरांच्या खाली अग्निवेदीचे अवशेष राहिलेच. अजमेरच्या चाहमान अजयदेवाची राणी सोमलदेवी हिच्या नावाची गधैया छापाची नाणी बाराव्या शतकात निघाली. सम्राट असो की राणी, प्रत्येकाने पेरोझच्या ठिपक्यांशी तडजोड केली. प्रतीहारांच्या वराहात ती तडजोड सर्वांत धीट आहे, कारण तेवढे बदलण्याइतके मोठे राज्य त्यांच्याजवळ होते.

छित्तराजाच्या समकाळातच वायव्येला एक विलक्षण नाणे पाडले गेले. गझनीच्या महमूदाने लाहोरला, म्हणजे त्याच्या नाण्यांवरील महमूदपूरला, इ.स. १०२७-२८ मध्ये चांदीचे दिरहम काढले, ज्यांच्या एका बाजूस अरबी कलमा आहे आणि दुसऱ्या बाजूस त्याचा संस्कृत तर्जुमा शारदा वळणाच्या अक्षरांत आहे. त्यात ईश्वराला अव्यक्त म्हटले आहे आणि पैगंबरासाठी चक्क अवतार हा शब्द योजला आहे. ज्याची मूर्तिभंजक म्हणून ख्याती, त्यालाही जिंकलेल्या बाजारात आपले नाणे चालवायचे म्हटल्यावर तेथल्या लोकांच्या भाषेत बोलावे लागले. लाहोरचा तो दिरहम आणि ठाण्याचा तो द्रम्म यांमध्ये काही वर्षांचेच अंतर आहे. दोहोंतही सत्ता बाजाराला हुकूम देत नाही, त्याची संमती मागते.

ही संमती प्रत्यक्षात सराफाच्या हाती असे. गुजरातेतल्या 'लेखपद्धती' या दस्तऐवजांच्या नमुन्यांच्या संस्कृत संग्रहात कर्जरोख्यातील रकमेचे जे वर्णन आहे ते वाचले म्हणजे हे स्पष्ट होते. तेथे केवळ अमुक इतके द्रम्म असे म्हणून भागत नाही. ते श्रीमाळच्या टांकसाळीत पाडलेले, तीन वेळा पारखलेले आणि हाटात चालणारे रुप्याचे पारुपथक द्रम्म आहेत, असे सविस्तर लिहावे लागते. शिलाहारांच्या लेखांतही या 'पारुत्थ' द्रम्मांचे उल्लेख येतात. पारख म्हणजे कसोटीच्या दगडावर घासून कस पाहणे, वाजवून नाद ऐकणे, गरज पडली तर कडेला छोटी टाच मारून आतला धातू तपासणे. अनेक जुन्या नाण्यांवर अशा टाचा आजही दिसतात. ठसा राजाचा असे, पण टाच सराफाची असे, आणि दुसऱ्यावाचून पहिल्याचा अंमल बाजाराच्या वेशीबाहेर चालत नसे.

पारख वाढण्याचे कारण चांदीची टंचाई हेही होते. महाराष्ट्रात चांदीच्या खाणी नाहीत. येथली बहुतेक चांदी समुद्रावाटे आली. अरब प्रवासी सुलैमान याने नवव्या शतकाच्या मध्यास, बल्हरा म्हणजे राष्ट्रकूट राजाच्या मुलखात तातारिया नावाचे दिरहम चालतात असे नोंदवले आहे, आणि अल-मसूदी दहाव्या शतकाच्या आरंभी चेऊलला येऊन गेला तेव्हा तेथे परदेशी मुसलमान व्यापाऱ्यांची मोठी वस्ती होती. डहाणूजवळच्या चिंचणी येथे मिळालेल्या इ.स. ९२६ च्या ताम्रपटानुसार तर संजानच्या प्रदेशाचा कारभार राष्ट्रकूटांनी मधुमती म्हणजे मुहम्मद नावाच्या अरबाकडे सोपवला होता. सिंधच्या अरब अमिरांची अर्ध्या ग्रॅमच्या आसपासची इवलीशी चांदीची नाणीही या किनारपट्टीच्या व्यापाराला परिचित होती. बाहेरून आलेली चांदी मुशीत जाई आणि द्रम्म होऊन बाहेर पडे. अकराव्या शतकात पश्चिम व मध्य आशियातच चांदी दुर्मिळ झाली, तशी गधैया नाण्यांतही तांब्याची भेसळ वाढत गेली, आणि शेवटची कित्येक नाणी तर जवळजवळ तांब्याचीच आहेत. रूप तेच राहिले, धातू आतून बदलला. खारेपाटणच्या शके १०१६ (इ.स. १०९४) च्या ताम्रपटात शिलाहार अनंतदेवाने दोन श्रेष्ठींच्या गलबतांना ठाणे, सोपारा, चेऊल आणि नागपूर या बंदरांत जकात माफ केली आहे. हे नागपूर कोकणातले, विदर्भातले नव्हे. चांदी आणणाऱ्यांना राजा किती जपत होता, हे या सवलतीत दिसते.

त्या चांदीचे छोटे व्यवहार कसे होत, याची एक नोंद परळच्या शिलालेखात आहे. शके ११०८ च्या सुमारास शिलाहार अपरादित्याने माहूलच्या एका वाडीच्या ठरलेल्या उत्पन्नातून २४ द्रम्म देवस्थानाला लावून दिले, आणि हे दान मोडणाऱ्याला दिलेला शाप लेखाच्या शेवटी मराठीत आला आहे. चोवीस द्रम्म म्हणजे साधारण शंभर ग्रॅमच्या आत-बाहेरचे वजन, ओंजळीत सहज मावणारे. त्या ओंजळीच्या रक्षणासाठी राजाला दगड, लेख आणि शाप या तिन्ही गोष्टी लागल्या.

इ.स. १२६५ च्या सुमारास शेवटचा शिलाहार सोमेश्वर यादव महादेवाशी लढताना समुद्रात बुडाला आणि उत्तर कोकण देवगिरीकडे गेले. यादवांची प्रसिद्धी सोन्याच्या पद्मटंकांसाठी आहे, चांदीसाठी नाही. चांदीला पुन्हा मोठेपण मिळाले ते दिल्लीच्या सुलतानांच्या टंक्यामुळे. सुमारे अकरा ग्रॅमचा, रुंद, शुद्ध चांदीचा हा टंका द्रम्माच्या अगदी उलट होता. त्यावर चेहरा नाही, वेदी नाही, ठिपके नाहीत. दोन्ही बाजूंना केवळ अक्षरे आहेत, आणि ती अक्षरेच अलंकार आहेत. अलाउद्दीन खिलजीच्या टंक्यावर त्याचे 'दुसरा सिकंदर' हे बिरुद गोलाच्या मध्यभागी एकात एक गुंफलेल्या उभ्या-आडव्या फटकाऱ्यांत बसवले आहे. ही सुलेखनाची कला आहे आणि ती अर्थाशिवाय उभी राहत नाही. गधैयावरचा चेहरा न ओळखताही नाणे चालत होते. टंक्याने राजाचे नाव हेच नाण्याचे संपूर्ण रूप केले. छित्तराजाला जो दावा झेपणारा नव्हता तो दिल्लीने केला, कारण नाणे नाकारणाऱ्या बाजारापर्यंत पोहोचेल असे सैन्य तिच्याजवळ होते.

जिंकलेल्या राज्यांच्या नाण्यांचे काय होई हे दिल्लीच्या टांकसाळीत काम केलेल्या ठक्कुर फेरू या जैन अधिकाऱ्याच्या 'द्रव्यपरीक्षा' या प्राकृत ग्रंथावरून कळते. इ.स. १३१८ मध्ये रचलेल्या या ग्रंथात देशोदेशींच्या नाण्यांची नावे, वजने आणि त्यांत किती तोळे-मासे शुद्ध धातू निघतो याचे कोष्टक आहे. फेरूच्या लेखी नाण्यावरचे चित्र ही केवळ कस ओळखण्याची खूण होती, आणि ओळख पटली की ते मुशीत जाई. आज ज्या नाण्यांचा एकही नमुना हाती नाही, अशांची नावे त्याच्या यादीत आहेत. ज्याचे काम नाणी वितळवण्याचे, त्यानेच त्यांची सर्वांत नेमकी आठवण ठेवली.

तरी केवळ अक्षरांच्या बळावर नाणे चालवण्याला मर्यादा होती आणि ती महाराष्ट्राच्या भूमीवरच उघडी पडली. मुहम्मद तुघलकाने इ.स. १३३० च्या सुमारास चांदीच्या टंक्याच्या किमतीचे पितळ-तांब्याचे नाणे काढले. ते दौलताबादलाही पाडले गेले, आणि सुलतानाची आज्ञा पाळणारा ईश्वराची आज्ञा पाळतो अशा अर्थाचा मजकूर त्यावर होता. घरोघर खोटी नाणी पाडली गेली, असे इतिहासकार बरनी सांगतो. शेवटी सुलतानाला ती नाणी खऱ्या टंक्यांच्या बदल्यात परत घ्यावी लागली. पुढे दख्खनेत बहमनी राज्य स्थापन झाल्यावर पहिल्या मुहम्मदशाहाने आपले टंके चालू केले, तेव्हा फिरिश्त्याच्या म्हणण्याप्रमाणे दख्खनचे सराफ आणि सोनार शेजारच्या हिंदू राजांच्या चिथावणीने ती नाणी गोळा करून वितळवू लागले, आणि वारंवार ताकीद देऊनही थांबेनात म्हणून सुलतानाने त्यांची कत्तल केली. फिरिश्त्याने हे दोन शतकांहून अधिक काळानंतर लिहिले आहे आणि चिथावणीचा भाग त्याच्या पक्षाचा आहे. पण ज्या भांडणाचे तो वर्णन करतो ते खरे वाटते. पारखणारा हात आणि ठसा मारणारा हात यांच्यातला शिलाहारकालीन समेट मोडला, की त्याचे असे रूप होते.

किनाऱ्यावर मात्र जुनाच शहाणपणा टिकला. इराणी आखातातून लारी नावाचे नाणे येई. ते गोल नसून चांदीच्या तारेचा दुमडलेला तुकडा असे आणि त्याच्या दोन अंगांवर ठशाची अक्षरे अर्धवट उमटत. विजापूरच्या दुसऱ्या अली आदिलशाहाने सतराव्या शतकात स्वतःच्या नावाने लाऱ्या पाडल्या त्या याच परक्या घाटाच्या, आणि त्या कोकणात सापडल्या आहेत. तार आखाताची आणि नाव विजापूरचे. छित्तराजानंतर सहाशे वर्षांनी त्याच किनाऱ्यावर एका कितीतरी बलाढ्य राजानेही हाच मार्ग धरला.

गधैया नाणी आज संग्रहालयांपेक्षा सराफांच्या डब्यांत आणि हौशी संग्राहकांकडे अधिक आहेत. शेत नांगरताना किंवा पाया खणताना मडक्यातून नाणी निघाली तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचा असा निधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. हा नियम पाळला जातो तेथे नाण्याबरोबर त्याचे गाव, त्याच्या मडक्याचा प्रकार आणि शेजारची नाणी नोंदली जातात, आणि तेव्हाच छित्तराजाचे नाव किती दूर चालत होते हे सांगता येते. पाळला जात नाही तेथे नाणी वेगवेगळ्या हातांत जातात, नाहीतर थेट मुशीत जातात. उल्हासच्या खोऱ्यात गेली काही दशके जमीन फार वेगाने खणली जात आहे. पाड्यांच्या जागी इमारतींचे पाये उतरत आहेत, आणि त्या मातीतून काळपट पडलेली, ठिपक्यांची एखादी जाड चकती वर आलीच तर तिच्यातला मोठा ठिपका म्हणजे डोळा, पुढची रेघ म्हणजे नाक आणि कडेची अर्धी तुटलेली नागरी अक्षरे म्हणजे अंबरनाथच्या तुळईवरचे नाव, हे ओळखणारा कोणी तेथे उभा असला पाहिजे.